माजी सैनिकाला बिनविरोध पाठवू नका

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरकडच्या गावांत फौजेतून घरी आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणतात. पेन्शनच्या कागदावर शिपाई असो की हवालदार, पारावर तो मेजरच. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की या मेजरांवरून गावोगाव वाद झडतो. एक बाजू म्हणते, देशासाठी वीस वर्षे घातली, आता त्याला बिनविरोध करा, गावाला शिस्त लागेल. दुसरी म्हणते, फौजी माणूस हुकूम सोडतो, चार जणांचे ऐकून घेणे त्याच्या रक्तात नाही, गावकी म्हणजे परेड नव्हे. भांडण जोरात असले तरी दोघांचे गृहीतक एकच आहे: फौजेतून माणूस शिस्त घेऊन येतो. एकाला ती हवी आहे, दुसऱ्याला तिची धास्ती आहे. माझ्या मते शिस्तीचा मुद्दाच इथे गैरलागू आहे. गावाच्या उपयोगाचे असे फौजेतून काही येत असेल, तर ती हिशेबाची आणि देखभालीची सवय. ती ग्रामपंचायतीत जरूर यावी, पण दारोदार मते मागून आणि पडण्याची तयारी ठेवून. राखीव जागा, नियुक्ती आणि बिनविरोध या तिन्ही वाटा गावाच्या तोट्याच्या आहेत, आणि फौजीच्याही.

मुळात आपण बोलतो आहोत कोणाबद्दल? वाद घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतात टीव्हीवरच्या चर्चेतले निवृत्त कर्नल. ते बहुधा पुण्यात घर बांधतात. गावात परततो तो शिपाई, नाईक, हवालदार, फार तर सुभेदार. पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागते, भरती अठरा-वीसच्या वयात झालेली असते; म्हणजे पस्तिशी ते पंचेचाळिशीत तो घरी येतो आणि पुढे कामाची वीस वर्षे सहज शिल्लक असतात. या माणसाने आयुष्यात सोडलेल्या हुकमांपेक्षा पाळलेले हुकूम कितीतरी जास्त. शिवाय फौज म्हणजे फक्त सीमेवरचा पहारा नव्हे. तिथे कोठार आहे, लंगर आहे, वाहनांचा तळ आहे, सिग्नलची खोली आहे, पाण्याचे टँकर आहेत. अण्णा हजारे फौजेत ट्रक चालवत होते. बंदूक चालवलेल्या दिवसांपेक्षा लेजर, म्हणजे मालाची नोंदवही, भरलेले दिवस ज्याच्या नोकरीत जास्त आहेत, असे जवान थोडेथोडके नाहीत. हा माणूस नीट डोळ्यांसमोर आणला की ‘हुकूमशहा’ आणि ‘तारणहार’ ही दोन्ही चित्रे फिकी पडतात.

तरी विरोधकांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. सरपंचाला हुकूम सोडता येत नाही, हे खरेच आहे. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात आणि मासिक सभेत सरपंचाचे मत एकच. बरोबरी झाली तरच निर्णायक मत. सचिव असलेला ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) जिल्हा परिषदेचा नोकर, त्याची बदली आणि गोपनीय अहवाल सरपंचाच्या हातात नाहीत. पैसे काढायचे तर दोघांच्या सह्या लागतात. वित्त आयोगाच्या निधीला दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. तावातावाने निवडून आलेला मेजर पहिल्या महिन्यात ग्रामसेवकाविरुद्ध गटविकास अधिकाऱ्याकडे तक्रार करतो, ग्रामसेवक रजेवर जातो, सह्या अडकतात आणि नळ दुरुस्त करणाऱ्याचे तीन हजारांचे बिल तीन महिने पडून राहते. अतिक्रमणाचेही तसेच. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने रस्त्यावरचे आणि मोकळ्या जागेवरचे अतिक्रमण काढता येते, पण नोटीस, मुदत, ठराव, पंचनामा या क्रमाने. गायरान तर सरकारी जमीन, तिथे आधी महसूल खात्याची परवानगी लागते. जोशात कुंपण आधी पाडले आणि नोटीस मागून काढली, तर समोरचा दिवाणी न्यायालयातून मनाई आणतो आणि पाच वर्षांची मुदत तारखांत संपते. हे टाळायला शौर्य कामाचे नाही, कागदाचा क्रम लागतो.

राळेगणसिद्धीचे उदाहरण दोन्ही बाजू देतात, आणि दोघेही अर्धेच देतात. १९७५ च्या सुमारास फौजेतून परतलेल्या अण्णांनी भविष्यनिर्वाह निधीचे पैसे यादवबाबांच्या मंदिरासाठी खर्च केले, लोक जमवले, पाणलोटाची कामे उभी केली. त्यांनी हे केले ते सरपंच म्हणून नव्हे. म्हणजे ‘फौजी सरपंच झाला की गाव बदलते’ याचा पुरावा म्हणून राळेगण चालत नाही. उलट त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले ते वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन, फौजेत न जाता. राळेगणमध्ये दारुड्यांना खांबाला बांधून पट्ट्याने फटके दिल्याचे अण्णांनी स्वतःच सांगितलेले आहे, आणि शिस्तवाद्यांना नेमके तेच भावते. पण दारू बंद करायला महाराष्ट्रात कायद्याची वाट आहे. महिलांनी मागणी करायची, गुप्त मतदान घ्यायचे, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकानाला टाळे. यात पट्ट्याला जागा नाही. आणि पट्ट्याने सुटलेली दारू पट्टा खुंटीला गेला की परत येते. मतदानाने बंद झालेले दुकान उघडायला पुन्हा साऱ्या गावातून वाट काढावी लागते. यात टिकाऊ काय, हे वेगळे सांगायला हवे का?

मग फौजीने आणावे काय? मोजणी. पलटणीच्या कोतमधली, म्हणजे शस्त्रांच्या कोठारातली, प्रत्येक रायफल मोजली जाते. कोठाराचा चार्ज एकाकडून दुसऱ्याकडे जाताना लेजर आणि माल समोरासमोर ठेवतात, एकेक वस्तू हाताने मोजतात, तफावतीची यादी होते, दोघे सही करतात. तोवर जुन्याची सुटका नाही. मोडकी वस्तू परस्पर फेकता येत नाही, ती तपासून, मंडळापुढे ठेवून, कंडेम करून मगच लेजरातून उतरते. आता ग्रामपंचायत पाहा. कायद्याने साठा नोंदवही आहे, जडवस्तू नोंदवही आहे, कर आकारणीचा नमुना आठ आणि कर मागणीचा नमुना नऊ आहे. कागद फौजेपेक्षा कमी नाहीत. पण नवा सरपंच पहिल्या दिवशी हार घालून घेतो, पेढे वाटतो आणि चार्ज यादीवर न बघता सही करतो. नोंदवहीत साडेसात अश्वशक्तीची मोटर असते, विहिरीवर पाचाची. दिव्यांचे पन्नास संच खरेदी झालेले असतात, खांबांवर बत्तीस. सही झाली की ही तूट त्याची झाली. फौजेत कोठार सांभाळलेला माणूस मोजल्याशिवाय सही करणार नाही, निदान त्याचा हात तरी अडखळेल. तो अडखळणारा हात मला ग्रामपंचायतीत हवा आहे.

पाण्याचेच घ्या. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिले होते. एवढे ते महत्त्वाचे. तरी पावसाळ्यात गावोगाव जुलाबाची साथ येते, आणि कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असते. पन्नास हजार लिटरच्या टाकीला, हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने, २५० ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरचे निवळ द्रावण टाकीत ओतायचे. अर्धा तास थांबून पाणी सोडायचे. टाकीजवळच्या नळावर नव्हे, वस्तीच्या शेवटच्या नळावर ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहायचे, तिथे ०.२ पीपीएम क्लोरिन उरला पाहिजे. टाकी दिवसातून एकदा भरत असेल तर महिन्याला साडेसात किलो पावडर जाते, म्हणजे २५ किलोची गोणी सव्वातीन महिने पुरते. बिघडते ते इथेच. गोणी तोंड उघडे ठेवून ओलसर खोलीत पडलेली असते, क्लोरिन उडून जातो. ताज्या मालात तो ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. २० च्या खाली गेला की ती पावडर म्हणजे नुसता चुना. नवी गोणी आली की सोयीची म्हणून तीच आधी फोडतात आणि जुनी मागे सडते. कोठारातला पहिला नियम, आधी आलेला माल आधी काढा, इथे कोणी शिकवलेला नाही. आणि नोंदवही पाहावी तर महिनाभर रोज ‘२५० ग्रॅम’, एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले. असे लेजर फौजेत एका तपासणीतही टिकत नाही.

पंपाचीही तीच गत. एक फेज जातो, जादा भाराला मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले वारंवार ट्रिप होतो म्हणून कोणीतरी तार टाकून तो वगळलेला असतो, मोटर जळते, गाव चार दिवस कोरडे. गाडीच्या लॉगबुकसारखी पंपालाही वही ठेवली, चालू-बंदची वेळ, व्होल्टेज आणि अँपिअर लिहिले, तर आकडा आठवडाभर हळूहळू चढताना दिसतो आणि बेअरिंग जाण्याआधी कळते. वही शंभर रुपयांची. महापुराच्या पट्ट्यात हा मोजणीचा प्रश्न जिवावरच येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि कित्येक जीव गेले. बोटीच्या कडेला रंगाने लिहिलेला क्षमतेचा आकडा, तेवढीच जॅकेटे, चढण्यापूर्वी नावांची यादी आणि ‘पुढच्या खेपेला’ असे म्हणू शकणारा एक माणूस: पुराच्या गावांत जूनमध्येच एवढी तयारी झाली पाहिजे. भेदरलेल्या गर्दीला थोपवणे हे एकच काम असे आहे जिथे शिस्तवाद्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

आता माझ्या बाजूची सर्वांत दुबळी जागा. हा माणूस वीस वर्षे गावात नव्हता. वर्षातून दोन-अडीच महिन्यांची सुट्टी, त्यातही लग्ने, जत्रा आणि बांधाची भांडणे. कोणत्या भावकीचे कोणाशी पटत नाही, पाण्याची पाळी कोण चुकवतो, कोणत्या आळीत गटार कोणाच्या दारात येऊन थांबते, हे त्याला ऐकून माहीत असते. विरोधक म्हणतात, अशा अर्ध्या पाहुण्याच्या हाती गाव का द्यायचे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘त्याने देशसेवा केली’ हे नाही. उत्तर आहे निवडणूक. तीनशे उंबरे झिजवताना, शिव्या खाताना, ‘तुम्ही सियाचीनला असाल हो, पण आमचा नळ गेली दोन वर्षे कोरडा आहे’ हे ऐकताना जो गाव कळतो, तो बिनविरोधाच्या हारतुऱ्यात कळत नाही. बिनविरोध म्हणजे एकमत, हा भ्रम आहे. डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. फौजीच्या बिनविरोधात पैसा नसेल, पण हिशेब असतोच: त्याला पुढे करणारा गट पाच वर्षे त्याच्या आडून कारभार करतो, आणि गावातल्या नात्यांपासून तुटलेला मेजर सह्या करत राहतो. मते मागून आलेल्याला निदान आपले विरोधक कोण, हे तरी पाठ असते. म्हणून घरी आल्या आल्या सरपंचपदाला उभे राहणेही शहाणपणाचे नाही. आधी वर्ष-दोन वर्षे ग्रामसभेला बसावे, ती गणपूर्तीअभावी कशी तहकूब होते आणि तहकूब सभेत, जिथे गणपूर्ती लागत नाही, पंधरा माणसांत आराखडा कसा मंजूर होतो ते पाहावे. मग प्रभागातून सदस्य व्हावे.

राहिला राखीव जागेचा प्रश्न. शिक्षकांना आणि पदवीधरांना विधान परिषदेत मतदारसंघ आहेत, मग सैनिकांना स्थानिक संस्थांत जागा का नको, असे विचारले जाते. ऐकायला बिनतोड वाटते. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ ग (इंग्रजी क्रमाने २४३-सी) नुसार पंचायतीतल्या जागा थेट निवडणुकीने भरायच्या असतात. नियुक्त सदस्याला तिथे दारच नाही. शहरांत आहे. नगरपालिका, महापालिकांत प्रशासनाचे विशेष ज्ञान असलेल्यांना नियुक्त करता येते, मताच्या अधिकाराशिवाय. त्या दाराचे काय झाले, ते प्रत्येक शहर जाणते. डॉक्टर, अभियंता, समाजसेवक यांच्यासाठी ठेवलेल्या स्वीकृत नगरसेवकाच्या खुर्चीवर बहुतेक ठिकाणी पक्षाचा पडलेला किंवा तिकीट नाकारलेला कार्यकर्ता बसतो. उद्या ‘माजी सैनिक’ हा रकाना वाढवला तर पक्षाला जवळचा माजी सैनिक बसेल, एवढाच फरक.

यावर एक ऐतिहासिक उत्तर देता येते, आणि ते वजनदार आहे. फौजेतून निवृत्त होऊन कोकणात परतलेले महार समाजातले गोपाळबाबा वलंगकर १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर आले ते सरकारी नेमणुकीने. सवर्ण सदस्यांना ते मानवले नाही. मते मागून ते कधी बोर्डावर पोचले असते का? शक्यच नव्हते. तेव्हा नेमणूक वाईटच, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? मी तसे म्हणत नाही. जिथे मताचा दरवाजा माणसाच्या जातीमुळेच बंद आहे तिथे नेमणुकीने आणि आरक्षणाने तो उघडावाच लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिलांच्या राखीव जागांचा आधार तोच. पण आजच्या माजी सैनिकाला कोणता दरवाजा बंद आहे? त्याला पेन्शन आहे, गावात मान आहे, १५ ऑगस्टला झेंड्याजवळची जागा आहे. वलंगकरांना बळ दिले तेही पदकांनी नव्हे. पलटणीत लाभलेली अक्षरओळख, अर्ज लिहिण्याची, दाद मागण्याची रीत, हे त्यांचे हत्यार होते. महारांची फौजेतली भरती बंद झाली तेव्हा सरकारकडे दाद मागायला तीच लेखणी उपयोगी पडली. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा दाखलाही शेवटी कागदापाशीच येऊन थांबतो.

राखीव जागेच्या मागणीत आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. गावात परतणारे माजी सैनिक जवळजवळ सगळे पुरुष आहेत, म्हणजे ती जागा पुरुषांचीच. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि तिथे फौजी घरातला खरा उमेदवार वेगळाच आहे. नवरा लडाखला असताना वीस वर्षे बँक, सोसायटीचे कर्ज, मुलांची शाळा, सासऱ्यांचे आजारपण, विहिरीचा हप्ता आणि बांधावरची भांडणे एकटीने निभावलेली बाई गावात हजर होती. नवऱ्याकडे लेजर आहे, तिच्याकडे गाव आहे. मग राखीव जागेवर ती निवडून येते आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर मेजर बसतात, हे दृश्य कसले? दुसऱ्याच्या पोस्टवर परस्पर जाऊन बसणे पलटणीत चालले असते का?

प्रचाराचे दोन शब्द. फलकावर गणवेशातला फोटो नको. प्रचारात लष्कर आणि जवानांची छायाचित्रे वापरू नका, असे निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये पक्षांना बजावले आहे, आणि गावच्या निवडणुकीत तर ते अधिकच विशोभित दिसते. दुसरे, माजी सैनिकाला २०२० पासून राज्यात एका घराचा मालमत्ता कर माफ आहे. माफी योग्य आहे, पण ज्याची घरपट्टी शून्य तो इतरांच्या नमुना नऊमधली थकबाकी वाचून दाखवणार, ही अडचण विरोधक बरोबर हेरतात. त्याने पाणीपट्टी एप्रिलमध्येच, पहिली पावती फाडून भरावी.

हे सगळे लागू आहे पंधरा-वीस वर्षे नोकरी केलेल्यांना. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते आहे. चार वर्षांनी त्यांतले पाऊण परत येणार, पहिली तुकडी २०२६ संपता संपता. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि कोठाराचा चार्ज घ्यावा एवढा काळही ते तिथे राहिलेले नसतील. निवडणूक लढवायला २१ वर्षे पुरतात, त्यामुळे ते उभे राहतीलच, आणि पारावर त्यांनाही मेजरच म्हणतील. त्यांच्याबाबत माझा अर्धा युक्तिवाद गळून पडतो. गावापासून ते फार काळ तुटलेले नसतील, ही जमेची बाजू. मात्र मोजल्याशिवाय सही करायची नाही, हे त्यांना पलटणीने नाही, ग्रामपंचायतीतच कोणीतरी शिकवावे लागेल.